सोळा वर्षांखालील मुलांनी मोठ्या माणसाशिवाय छोटी बोट खुल्या समुद्रात न्यावी का?

सुकाणू (धागाकर्ता)

२४ जुलै २०१५ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ज्युपिटर इनलेट या खाडीमुखातून, १४ वर्षांची दोन मुले १९ फुटी मोटरबोट घेऊन मासेमारीला निघाली. त्या दुपारी किनाऱ्यावर वादळी पाऊस झाला आणि मुले परतली नाहीत. दोन दिवसांनी त्यांची बोट बरीच उत्तरेला, पॉन्स डी लिऑन इनलेटपासून सुमारे ६७ सागरी मैल (सुमारे १२४ किलोमीटर) खोल समुद्रात, उलटलेली आढळली. तिच्यावर कोणीही नव्हते. तटरक्षक दलाने सुमारे ५०,००० चौरस सागरी मैलांचा समुद्र धुंडाळून ३१ जुलैला शोध थांबवला. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये ती रिकामी बोट बर्म्युडाच्या परिसरात एका नॉर्वेजियन जहाजाला तरंगताना सापडली. मुलांचा पत्ता लागला नाही.

ही दोन्ही मुले पाण्यावरच वाढलेली होती आणि बोट हाताळणे त्यांना नवीन नव्हते, असे त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले. मला अस्वस्थ करते ते नेमके हेच. बोट चालवता येणे आणि समोर काळे ढग दिसताच बोट मागे वळवण्याचा निर्णय घेणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली दहाव्या वर्षीही शिकवता येते, दुसरी मात्र वयाबरोबर आणि एकदोनदा घाबरल्यावरच येते. त्यातही सोबतीला समवयस्क मित्र असेल, तर किशोरवयात धोका पत्करण्याची तयारी वाढते, हे मानसशास्त्रातील प्रयोगांनी दाखवलेले आहे.

फ्लोरिडात मोटरबोट चालवण्यासाठी किमान वयाची अट नव्हती. १ जानेवारी १९८८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला दहा किंवा अधिक अश्वशक्तीच्या बोटीसाठी सुरक्षा-शिक्षणाचे ओळखपत्र लागते, एवढेच. उलट आयर्लंडमध्ये १७ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) किंवा त्याहून अधिक वेग गाठू शकणारी मोटरबोट सोळा वर्षांखालील व्यक्तीने चालवण्यास मनाई आहे. मला वाटते, याच्याही एक पाऊल पुढे जायला हवे. बंदरात, खाडीत, तलावात मुलांना मोकळीक असावी, पण सोळा वर्षांखालील मुलांनी खाडीमुखाच्या बाहेर मोटरबोट न्यायची असेल तर सोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती असलीच पाहिजे, असा सरळ नियम हवा. आपले मत काय?

निळाई

मी अकराव्या वर्षी एकटीने शिडाची होडी चालवू लागले आणि माझ्या मुलीलाही त्याच वयात शिकवले, त्यामुळे मी या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहत नाही, हे आधीच सांगते. परंतु आपला प्रस्ताव मला पटत नाही.

प्रौढ व्यक्ती सोबत असली की मुले सुरक्षित, या गृहीतकालाच माझा पहिला आक्षेप आहे. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे येथे आठ विद्यार्थी कयाकमधून (वल्ह्याच्या अरुंद होड्यांतून) समुद्रात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक, असे तीन प्रौढ होते. वाऱ्याने सगळ्यांना किनाऱ्यापासून दूर ढकलले, कयाक पाण्याने भरले आणि चार मुलांचा जीव गेला. प्रशिक्षकांची पात्रता अपुरी होती, संकटसंकेताच्या ज्योती जवळ नव्हत्या आणि गट वेळेत न परतल्याचे तटरक्षकांना कळवण्यात काही तास वाया गेले. या दुर्घटनेनंतर ब्रिटनने १९९५ मध्ये कायदा करून तरुणांसाठीच्या साहसी उपक्रम केंद्रांना परवाना बंधनकारक केला. म्हणजे त्या देशाने केंद्राची तयारी तपासायचे ठरवले, मुलांचे वय वाढवले नाही. मला तो मार्ग योग्य वाटतो.

दुसरे असे, की बंदी घातली म्हणून मुले जायची थांबत नाहीत, सांगून जायची मात्र थांबतात. ऑक्टोबर २०१० मध्ये पॅसिफिक महासागरातील टोकेलाउच्या अताफू बेटावरून १४-१५ वर्षांची तीन मुले रात्री गुपचूप अॅल्युमिनियमची लहान होडी घेऊन निघाली आणि पन्नास दिवस वाहत गेली. बेटावर त्यांच्यासाठी शोकप्रार्थनाही झाली होती. फिजीजवळ एका टूना मासेमारी जहाजाने त्यांना पाहिले म्हणून ती वाचली. मुले कोठे आणि किती वेळासाठी निघाली आहेत हे माहीत असणारा माणूस किनाऱ्यावर असणे, हे कोणत्याही वयोमर्यादेपेक्षा मोलाचे आहे.

नांगरगाठ

मी बरीच वर्षे बचाव बोटीवर काम केले आहे. वयाचा वाद दोघांनी अवश्य करावा, पण माझ्या दृष्टीने मुले हरवण्याचे मुख्य कारण वेगळे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बोट नेमकी कोठे आणि केव्हा अडचणीत आली हे ठाऊक नसेल, तर शोधाचे क्षेत्र वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाहून जाण्याच्या वेगाबाबत आपला अंदाज केवळ एका नॉटने अनिश्चित आहे, असे धरू. चार तासांनी चार सागरी मैल त्रिज्येचे वर्तुळ शोधावे लागते, म्हणजे सुमारे ५० चौरस सागरी मैल. बारा तासांनी ते सुमारे ४५० होते आणि चोवीस तासांनी सुमारे १,८००. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत तर गल्फ स्ट्रीम वाहतो, ज्याचा पृष्ठभागावरील सरासरी वेग ताशी सुमारे सहा किलोमीटर आहे. त्या प्रवाहात सापडलेली वस्तू एका दिवसात शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला जाते.

शिवाय सगळ्या वस्तू सारख्या वाहत नाहीत. कोरडी, हलकी बोट वाऱ्याबरोबर धावते. उलटलेल्या बोटीचा बराचसा भाग पाण्याखाली असल्याने तिला वारा कमी लागतो. पाण्यातला माणूस जवळजवळ प्रवाहाबरोबरच जातो. म्हणून रिकामी बोट सापडली तरी माणसे तिच्या आसपास असतील असे मानता येत नाही, आणि शोधाचे नियोजन बोटीसाठी वेगळे व माणसांसाठी वेगळे करावे लागते. त्यात पाण्याबाहेर दिसते ते फक्त डोके. लाटांवर थोडा फेस असेल, तर शंभर मीटरवरूनही ते नजरेतून निसटते, हे मी स्वतः अनुभवले आहे. उलटलेल्या बोटीचा तळ मात्र विमानातूनही दिसू शकतो. ‘किनारा दिसतो आहे, पोहत जाऊ’ हा निर्णय म्हणूनच घातक ठरतो. बोट तरंगत असेपर्यंत तिला सोडायचे नाही, हे मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत घोकून घेतले पाहिजे. एप्रिल २००५ मध्ये साउथ कॅरोलायनातून १४ फुटी शिडाच्या होडीतून भरकटलेले दोन किशोर सहा दिवसांनी एका मासेमारी बोटीला जिवंत सापडले. त्यांनी होडी सोडली नव्हती.

आता लाइफ जॅकेट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाची आकडेवारी वर्षानुवर्षे हेच सांगते, की नौकाविहारातील अपघाती मृत्यूंत बहुसंख्य बुडून होतात आणि बुडालेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांनी लाइफ जॅकेट घातलेले नसते. बोटीत जॅकेट असते, पण ते आसनाखाली कोंबलेले असते आणि बोट काही सेकंदांत उलटते. तेथील संघीय नियम तेरा वर्षांखालील मुलांना चालत्या बोटीत जॅकेट घालायला लावतो, परंतु राज्याचा स्वतःचा नियम असल्यास तो लागू होतो, आणि फ्लोरिडाचा नियम सहा वर्षांखालील मुलांपुरताच आहे. मुले मोठ्यांशिवाय बोट नेऊ लागतात त्या वयाच्या कितीतरी आधी हे बंधन सुटते. आयर्लंडने सोळा वर्षांखालील सर्वांना जॅकेट सक्तीचे केले आहे आणि सात मीटरपेक्षा लहान खुल्या बोटीत तर ते सर्वच वयाच्या लोकांना सक्तीचे आहे.

पाणी थंड असेल, तर पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने खेचते. बर्फाच्या जवळपास गार असलेल्या पाण्यात श्वासावर ताबा मिळवायला पहिले मिनिट जाते, हातपाय कामाचे राहतात ती पुढची दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. त्या दहा मिनिटांनंतर बोटांनी जॅकेटचे बक्कल लावणे जमत नाही.

भरती

येथे सगळी चर्चा हौशी बोटींची चालली आहे. जगात असंख्य मुले घरच्यांबरोबर किंवा घरच्यांऐवजी पोटासाठी समुद्रावर जातात, त्यांचे काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००७ च्या मासेमारी करारानुसार व्यावसायिक मासेमारी बोटीवर कामासाठी किमान वय सोळा आहे. सक्तीचे शालेय शिक्षण संपवून मासेमारीचे प्रशिक्षण घेणाऱ्यांना पंधराव्या वर्षी परवानगी देता येते. पण निव्वळ घरच्या पोटापुरती मासेमारी करणारे त्या कराराच्या कक्षेत येतच नाहीत. अशा घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला ‘प्रौढाशिवाय जाऊ नकोस’ असे सांगणे सोपे आहे, पण त्याच्या हातात एक जॅकेट देणे अधिक उपयोगाचे आहे. धागाकर्त्यांच्या नियमाचा भार नेमक्या अशाच घरांवर पडेल.

सुकाणू (धागाकर्ता)

भरती, आपला आक्षेप रास्त आहे आणि मी त्याचा विचार केला नव्हता. माझा प्रस्ताव हौशी मोटरबोटींपुरता समजावा.

निळाई, लाइम बेच्या उदाहरणातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तेथे चूक प्रौढांच्या उपस्थितीची नव्हती, त्यांच्या अपात्रतेची होती. अपात्र प्रौढ निरुपयोगी ठरला म्हणून प्रौढच नको, असे कसे म्हणता येईल? आणि टोकेलाउची मुले गुपचूप गेली हे खरे, पण प्रत्येक नियम कोणीतरी मोडतोच. बहुतेक पालक ‘सगळेच पाठवतात’ या दडपणाखाली परवानगी देतात. नियम असेल, तर नकार देणाऱ्या आईवडिलांना आधार मिळतो. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असताना मी त्याला मित्रांबरोबर बाहेरच्या समुद्रात जाऊ दिले नाही. तो कित्येक महिने माझ्याशी नीट बोलला नाही. मला त्या नकाराचा पश्चात्ताप नाही, परंतु तो देताना मी एकटा होतो, हे आजही आठवते.

नांगरगाठ, आपले सगळे पटले. एकच विचारतो: बोटीत वायरलेस संच असेल तर पुरेसे नाही का?

नांगरगाठ

असायलाच हवा, पण त्यावर विसंबू नये. वाहिनी १६ वर मदत मागता येते, मात्र हातातल्या संचाचा पल्ला काही सागरी मैलांचाच असतो, आणि बोटीत बसवलेला संच बोट उलटताच पाण्याखाली जातो. मोबाइलची तऱ्हा त्याहून वाईट. म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा संकटदीप, म्हणजे संकटात रेडिओ संकेत पाठवणारे छोटे यंत्र, हवा. बोटीवर असतो त्याला ईपर्ब म्हणतात, तो किमान ४८ तास संकेत देतो; जॅकेटला अडकवायचा तो पीएलबी, तो किमान २४ तास. संकेत कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांकडे जातो आणि आत जीपीएस असेल तर जवळपास नेमकी जागा कळते. मघाशी मांडलेले वर्तुळांचे सगळे गणित त्या एका संकेताने मोडीत निघते. फ्लोरिडाने २०१६ मध्ये असा संकटदीप बाळगणाऱ्यांना बोटनोंदणीच्या शुल्कात सवलत दिली, ती याच कारणाने.

इंजिन बंद करणाऱ्या दोरीबद्दलही सांगतो, कारण तिचा उल्लेख कोणी केला नाही. ती चालकाच्या अंगाला बांधलेली असते आणि तो पाण्यात पडताच इंजिन थांबते. ती नसेल तर बोट एकतर निघून जाते किंवा गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. अमेरिकेने एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान आणि तीन किंवा अधिक अश्वशक्तीच्या बोटींवर ती वापरणे बंधनकारक केले आहे.

निळाई

पालकांच्या एकटेपणाबद्दल आपण जे लिहिले ते मला लागले, कारण परवानगी देणारी आईसुद्धा तितकीच एकटी असते. तरीही वयाच्या रेषेवर माझे मत बदललेले नाही. सोळाव्या वाढदिवसाला कोणालाही ढग वाचता येऊ लागत नाहीत. ती रेषा ओलांडल्यावर पहिल्यांदाच एकटे निघालेले अननुभवी मूल मला चौदाव्या वर्षापर्यंत पायरीपायरीने शिकलेल्या मुलापेक्षा अधिक धोक्यात वाटते. माझ्या मुलीसाठी अटी ठरलेल्या होत्या: जॅकेट अंगावर, संकटदीप जॅकेटला, खाडीमुखाबाहेर जाण्यापूर्वी हवामानाचा अंदाज तिने स्वतः मला वाचून दाखवायचा, आणि परतीची वेळ कागदावर लिहून द्यायची. अंदाज वाचताना ती स्वतःहून ‘आज नको’ म्हणाली, असे एका वर्षात चार वेळा घडले. तो निर्णय तिचा होता, म्हणून तो समुद्रावरही तिच्याबरोबर गेला असता.

सुकाणू (धागाकर्ता)

या चार अटी मी माझ्या प्रस्तावात जोडतो, प्रौढ सोबत असला तरीही. सोळा वर्षांची अट मात्र मागे घेत नाही. आपल्या मुलीसारखी तयारी करून घेणारे घर मला सगळीकडे गृहीत धरता येत नाही. त्या कागदाबद्दल एक विचारायचे आहे. लिहिलेली वेळ उलटल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाने किती थांबावे?

नांगरगाठ

थांबू नये. वेळ उलटताच मुलांना एकदा हाक द्यावी, उत्तर आले नाही तर त्याच क्षणी तटरक्षकांना कळवावे आणि बोटीचा रंग, लांबी, माणसे किती, निघण्याची जागा व वेळ सांगावी. मुले दहा मिनिटांनी परतली तर पुन्हा फोन करून सांगता येते, आणि तसा फोन आल्यावर आमच्यापैकी कोणी कधी रागावल्याचे मी पाहिलेले नाही. उशिरा येणाऱ्या फोनचे एकच कारण मी वारंवार ऐकले आहे: ‘उगाच कशाला त्रास द्यायचा, असे वाटले.’

निळाई

मी वीस मिनिटे थांबत असे. आता थांबणार नाही.