जीवाणू सोडण्याआधी त्यांची जनुकं बघा
आपल्या नागपुरातल्या पेट्रोलपंपाजवळच्या, तेल मिसळलेल्या विहिरीबद्दल एकानं सुचवलंय की तेल खाणारे जीवाणू विकत आणून सोडले की काम होतं. मला हे पटत नाही.

पेट्रोलमधले टोल्यूइन, झायलीन हे घटक पचवणारी जनुकं स्यूडोमोनास या जीवाणूंमध्ये बऱ्याचदा प्लाझ्मिडवर असतात, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वेगळ्या कड्यावर. ती शेजारच्या जीवाणूला देता येतात, तशी गमावताही येतात. अनेकदा जमिनीत आधीपासूनच असे जीवाणू असतात. त्यांना कमी पडतो तो ऑक्सिजन. तो पुरवणं जास्त उपयोगी.

पेट्रोलपेक्षा खरी काळजी क्लोरीनवाल्या द्रावकांची, तीही पाण्यात मिसळली असतील तर. धातूचं ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलीन. डिहॅलोकोकॉइडिस हा जीवाणू ऑक्सिजनविना त्यावर चक्क श्वसन करतो, एकेक क्लोरीन काढत. पण शेवटची पायरी पार करून देणारं व्हीसीआरए किंवा बीव्हीसीए जनुक त्याच्यात नसेल, तर गाडी बहुधा मधेच तयार होणाऱ्या व्हिनाइल क्लोराइडवर अडते, आणि ते सिद्ध झालेलं कर्करोगकारक आहे! म्हणजे अर्धवट सफाईनं पाणी आणखी घातक होऊ शकतं. ही जनुकं पाण्याच्या नमुन्यात क्यूपीसीआर या डीएनए मोजणाऱ्या चाचणीनं मोजता येतात.

शिवाय नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला नाइस (gneiss), दोन्ही कठीण खडक. पाणी भेगांतून वाहतं, त्यामुळे वरून ओतलेलं सगळीकडे पोचेल याची खात्री नाही. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपल्या शहरातच आहे. जीवाणूंचं पाकीट मागवण्याआधी तिथल्या जाणकारांना विचारा. आणि तोवर त्या विहिरीचं पाणी कृपया कोणी पिऊ नका, उकळूनही नाही.