एमएस्सीसाठी नांदेड का पुणे?
दादा, पुतण्याला केमिस्ट्रीच्या एमएस्सीला नांदेडला टाकावं का पुण्याला म्हणताव, तर आधी हे बघा की नांदेडच्या विद्यापीठाचं विष्णुपुरीच्या कॅम्पसमधलं संकुल, म्हंजे विद्यापीठाचा सोताचा विभाग, येगळं अन् तालुक्याचं संलग्न कॉलेज येगळं, डिग्रीवर नाव दोन्हीकडं स्वारातीमचंच, म्हंजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं. १९९४ पासून नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली सगळे त्याच्याखाली, अन् लातूरला उपकेंद्र बी हाय. एखाद्या मंगळवार-बुधवारी पोराला घेऊन सरळ लॅबमधी जा, मशिनीवर कापड झाकून धूळ बसली का पोरं तिथं नंबर लावून उभीयत ते दिसतंयच, अन् सेकंड इयरवाल्याला चहा पाजून इचारा प्रोजेक्टला गाईड भेटतो का. पुण्याच्या कॉट बेसिसचं भाडं ऐकून आमचा भाऊ तर पुढच्याच गाडीनं माघारी आलता.