मदत हवी आहे: बाबांच्या फोनवर लिनिएज ओएस टाकायचं आहे, पण युपीआयचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले कास्तकार. बाबांचा फोन अँड्रॉइड 9 वरच अडकलाय, कंपनीचे अपडेट कधीचेच बंद. बॅटरी, कॅमेरा मात्र ठणठणीत. कपाशीच्या वावरात उभे राहून ई-पीक पाहणीचे फोटो ते त्यावरच काढतात. चालता फोन टाकून द्यायला जीव होत नाही.

लिनिएज ओएस म्हणजे कंपनीच्या सिस्टीमऐवजी फोनवर टाकता येणारं, अँड्रॉइडवरच आधारलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्याच्या अधिकृत यादीत हे मॉडेल आहे. त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अनलॉक केला की सगळा डेटा पुसला जातो, म्हणून सातबारा, पासबुकाचे फोटो आधीच कॉपी केलेत. गूगलचे ॲप वेगळे टाकावे लागतात, तेही जमेल.

खरी धास्ती युपीआयची. अनलॉक फोनवर बरीच बँक ॲप प्ले इंटिग्रिटीच्या (फोनमध्ये फेरफार झालाय का ते पाहणाऱ्या गूगलच्या) तपासणीत अडकतात, आणि बियाण्या-खताचे पैसे बाबा फोनवरूनच देतात. रूट न करता (म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार न उघडता) लिनिएजवर रोज युपीआय वापरणारं कोणी आहे का? कोणतं ॲप चालतं?

दुसरं, इकडे लाईट कधीही जाते आणि लॅपटॉपची बॅटरी पार गेलेली. साइडलोड (लॅपटॉपवरून केबलने फोनमध्ये लिनिएज टाकणं) चालू असताना लाईट गेली तर रिकव्हरीतून (फोनच्या दुरुस्तीच्या मेनूतून) पुन्हा टाकता येतं ना? पेरणीच्या आधी हे काम उरकायचं आहे, भाऊ. जाणकारांनी नक्की सांगा.