झुंबा, स्टेप की स्पिनिंग: खरंच किती कॅलरीज जातात?

पहाटपक्षी:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दोन महिन्यांपासून झुंबा, म्हणजे गाण्यांवर नाचत व्यायाम, सुरू झालाय, आठवड्यातनं तीनदा, सकाळी साडेसहाला ४५ मिनिटं. माझं वय ४१, वजन ६८ किलो. ट्रेनर म्हणतात एका क्लासला ८०० ते १००० कॅलरीज जातात, माझं घड्याळ ५२० दाखवतं आणि शेजारच्या ताई माझ्याच रांगेत माझ्याइतक्याच घामाघूम होतात तर त्यांचं ३१०. वजन जेमतेम अर्धा किलो उतरलंय. आता जवळच्या जिममध्ये स्टेप (फळीवर चढउतार) आणि स्पिनिंगच्या (जागच्या जागी सायकल) बॅचेस सुरू होतायत, फी भरायच्या आधी कळू दे कशात जास्त जातात. सासूबाईंचं औषधपाणी, मुलाचा डबा, यातनं मला एवढाच पाऊण तास मिळतो हो.

सायकलवेडा:
ताई, ते ८००-१००० डोक्यातनं काढून टाका. प्रत्येक व्यायामाला मेट म्हणून एक आकडा असतो, म्हणजे स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढं खर्च करतं त्याच्या किती पट. मेट गुणिले वजन गुणिले तास, झाल्या कॅलरीज. उड्या न मारता केलेलं एरोबिक्स ५, नेहमीचं नाचाचं एरोबिक्स ७.३, स्टेप ६-८ इंची फळीवर ७.५ आणि १०-१२ इंचीवर ९.५, स्पिनिंग ८.५. तुमच्या वजनाला पाऊण तासाचे अनुक्रमे २५५, ३७२, ३८२, ४८५ आणि ४३४ होतात, आणि त्यातले ५१ तर तुम्ही घरी नुसत्या बसला असतात तरी गेले असते. १००० जाळायला ताशी २० किमीच्या आसपास पाऊण तास पळावं लागेल, तो मॅरेथॉन जिंकणाऱ्यांचा वेग झाला!

स्पिनिंग मी चार वर्षं करतोय. रेझिस्टन्सचा, म्हणजे चाक जड करायचा, नॉब सैल ठेवला की पुढचं जड चाक आपल्याच झोकात फिरतं, पाय नुसते त्याच्याबरोबर जातात, मग ८.५ कुठले. नॉब इतका आवळा की पायडल खाली दाबताना मांडीला कळलं पाहिजे.

घामाचा_हिशेब:
घड्याळावर जाऊ नका. स्टॅनफर्डवाल्यांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली होती, हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले पण कॅलरीजमध्ये त्यातल्या सगळ्यात चांगल्याचीही चूक सरासरी २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३. त्यामुळे तुमचे ५२० आणि ताईंचे ३१० यात खरा फरक किती ते घड्याळावरनं कळणारच नाही. झुंबाचं म्हणाल तर २०१२ मध्ये अमेरिकेत १९ तरुण मुलींवर मोजलं होतं, मिनिटाला सरासरी साडेनऊ कॅलरीज आल्या, पण त्या विशीतल्या आणि जीव ओतून नाचणाऱ्या.

गुडघेदुखी_पण_चालू:
मी ५३ ची, स्टेप करते. फळी उंच केली की कॅलरीज वाढतात हे खरं पण गुडघ्याचं काय? मी घाईत १० इंचावर गेले आणि तीन आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागला. ६ इंचापासून सुरू करा, पूर्ण पाऊल फळीवर टेकवा, टाच बाहेर लोंबकळू देऊ नका. आणि अजून एक, क्लासहून आल्यावर काय खाता ते लिहून ठेवा, पोहे नि दोन चहा बिस्किटांत २५०-३०० सहज परत येतात, माझं तेच होत होतं.

पहाटपक्षी:
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा क्लासमध्ये मुद्दाम आरशात बघितलं तर माझे हात कोपरापर्यंतच वर जात होते आणि शेवटच्या तीन गाण्यांत मी शेजारच्या ताईंशी आरामात गप्पा मारत होते! मग आज दुसऱ्या गाण्यापासून हात पूर्ण वर नेले, गुडघे उचलले, तर दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं. फी सध्या भरत नाही, महिनाभर असाच झुंबा करते. आणि हो, ते पोह्यांचं खरंय, मी वर शेवही घेते. सायकलवेडा, स्पिनिंगला सीटची उंची कशी ठरवायची ते सांगाल का, पुढच्या महिन्यात एक ट्रायल घ्यावी म्हणते.

सायकलवेडा:
सायकलच्या बाजूला उभ्या रहा, सीट कमरेच्या हाडाशी आली पाहिजे. मग बसून पायडल सगळ्यात खाली न्या, गुडघा किंचित वाकलेला राहिला की बरोबर. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जा, सीट लावून द्यायला ट्रेनरला सांगा.