मदत हवी आहे: लिस पेंडन्स असलेली जमीन घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

भोरकडे एकरभर शेतजमीन घ्यायचं चाललंय. इसार दिलाय, खरेदीखत व्हायचंय. सातबारा पाहिला, इतर हक्कांत काही नाही, फेरफारही सरळ. तरी सर्च करून घेतला, तर वकीलसाहेबांनी दोन पानी अहवाल पाठवलाय. भाषा इंग्रजी, पण अडतंय तिथे नेमकं लॅटिन. साहेब सोमवारपर्यंत बाहेरगावी आणि विकणाऱ्यांचा दिवसाआड फोन, म्हणून इथे विचारतोय.

प्रकरण असं: विकणाऱ्याच्या बहिणीने वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा लावलाय. विकणारा भाऊ प्रतिवादी क्रमांक १, मुंबईतला दुसरा भाऊ क्रमांक २. अहवालात लिहिलंय: 'लिस पेंडन्सची नोटीस नोंदलेली आढळली.' 'अ‍ॅड इंटरिम मनाई नाकारली, अंतरिम अर्ज प्रलंबित.' 'क्रमांक २ विरुद्ध एक्स पार्टी.' 'बोना फाइड खरेदीदार हा बचाव चालणार नाही.' आणि शेवटी 'नेमो डॅट' असं कायसंसं.

विकणारे म्हणतात, बहिणीचा असाच दावा मागे एकदा निकालात निघालाय, आता रेस ज्युडिकाटा लागतो, शिवाय स्टे नाही, बिनधास्त घ्या. शब्दार्थ मला ऑनलाइन मिळाले हो. पण 'प्रलंबित वाद' एवढ्यावरून पैसे भरू की नको हे कसं ठरवायचं?

दिवाणी_वारकरी:
स्टे नाही म्हणजे विकायला बंदी नाही, एवढंच. तुमचं खरेदीखत नोंदलंही जाईल. घोळ पुढे आहे.

लिस पेंडन्स हे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५२. दावा चालू असताना घेतलेली जमीन ही दाव्याच्या निकालासकट घेतलेली असते. व्यवहार रद्द होत नाही, पण बहिणीला उद्या हिस्सा मिळाला तर तो हुकूमनामा तुम्हालाही लागू, जणू तुम्हीच प्रतिवादी होतात. 'मला माहीत नव्हतं, मी प्रामाणिकपणे पैसे मोजले' हे म्हणणं म्हणजे बोना फाइड. कलम ५२ पुढे ते टिकत नाही. आणि तुम्हाला तर आता माहीत आहेच.

यात महाराष्ट्राची एक गंमत आहे. इतर बहुतेक राज्यांत नुसता दावा दाखल असला तरी हे कलम लागतं. आपल्याकडे जुन्या मुंबई प्रांतातल्या १९३९ च्या दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, तरच. कितीतरी वादी ती नोंदवतच नाहीत. तुमच्या प्रकरणात नोंदवलीय, म्हणजे बहिणीचे वकील जागे आहेत. सातबारा कोरा असल्यावर विसंबू नका. नोटीस निबंधकाच्या दप्तरात आहे, तलाठ्याच्या नाही.

अ‍ॅड इंटरिम म्हणजे समोरच्याचं म्हणणं येण्याआधीचा तूर्तातूर्त हुकूम. तो नाकारला याचा अर्थ बहीण हरली असा नाही. अंतरिम अर्जावर अजून सुनावणी व्हायचीय, उद्या 'जैसे थे'चा आदेश येऊ शकतो.

नेमो डॅट: जे आपलं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. भाऊ स्वतःचा हिस्सा विकू शकतो, बहिणीचा नाही. तोही न वाटलेला हिस्सा, त्यामुळे बांधाच्या कुठल्या बाजूचा तुकडा तुमचा हे आज कुणीच सांगू शकत नाही.

निवांत_वाचक:
इंग्लंडने १७३३ पासून कोर्टाच्या कामकाजातलं लॅटिन बंद केलं म्हणे, आणि उरलेले तुकडे आपल्या गळ्यात. बाकी अ‍ॅफिडेव्हिट आणि कॅव्हेटही लॅटिनच, पण 'कॅव्हेट टाकलंय' म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं.

धागाकर्ता:
दिवाणी_वारकरी, मनापासून आभार. रेस ज्युडिकाटाचं राहिलं. विकणाऱ्यांनी जुन्या निकालाची प्रत पाठवलीय, त्यात 'उभय पक्ष गैरहजर, दावा काढून टाकण्यात येतो' एवढीच ओळ आहे.

दिवाणी_वारकरी:
मग रेस ज्युडिकाटा कसला? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ म्हणतं, तोच वाद त्याच पक्षांत गुणदोषांवर ऐकून निकाली निघालेला हवा. इथे कुणी काही ऐकलंच नाही. दोन्ही बाजू गैरहजर असताना काढलेला दावा मुदतीत असेल तर पुन्हा लावता येतो. विकणाऱ्यांच्या वकिलांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

जमीन हवीच असेल तर एकच वाट: बहिणीशी तडजोड कोर्टात नोंदवून घ्या आणि खरेदीखतावर तिची मान्यता देणार म्हणून सही घ्या. तोवर उरलेली रक्कम देऊ नका. इसारपावतीत 'जमीन निर्वेध आहे' असं वाक्य आहे का तेही बघा, इसार परत मागायला तेच कामी येईल.

धागाकर्ता:
आहे, तिसऱ्याच कलमात आहे. मग बहीण तयार झाली की झालं?

दिवाणी_वारकरी:
नाही. मुंबईचा भाऊ विसरलात. त्याच्याविरुद्ध एक्स पार्टी म्हणजे तो हजर झाला नाही म्हणून दावा एकतर्फी चालतोय, त्याचा हिस्सा गेला असं नाही. समन्स नीट बजावलं नव्हतं असं त्याने दाखवलं, तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत तो एकतर्फी निकाल रद्द करून मागू शकतो. तडजोडीत आणि खरेदीखतात त्याचीही सही हवी. सोमवारी वकीलसाहेबांना पहिला प्रश्न हाच विचारा: त्याला समन्स कुठल्या पत्त्यावर गेलं होतं?