कॅसेट रेकॉर्डरवरचा फोक-पंक अल्बम: गिटार शब्द खाते आहे, काय करावं?

रानकुसळ
'द माउंटन गोट्स' या अमेरिकी बँडचा 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' (२००२) ज्या धाटणीचा आहे, त्या फोक-पंक धाटणीत (लोकगीताची साधी वाद्यं, पंकचा आवेश) दहा मराठी गाणी रेकॉर्ड करायची आहेत. एक गिटार, एक गळा. विषय काळेकुट्ट, चाली मात्र उड्या मारणाऱ्या. जुना टू-इन-वन आहे, त्याच्याच आतल्या माइकवर सगळं थेट चाललंय. अडचण अशी की जोरात स्ट्रमिंग (सगळ्या तारांवर एकदम फटके) सुरू झालं की शब्द बुडतात आणि हात थांबला की मागची खरखर उसळून वर येते. त्या अल्बमातही खरखर भरपूर आहे, पण शब्दन्‌शब्द कळतो. हे कसं साधतं? शिवाय दोनेक गाण्यांना ताल हवाय, पण ड्रमसेट नको.

फीत_आणि_फिरकी
दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. अशा यंत्रांत रेकॉर्डिंगची पातळी आपोआप ठरते, हाताने कमी-जास्त करायची सोय नसते. मोठा आवाज आला की सर्किट क्षणात पातळी खाली ओढतं आणि ती सावकाश, सेकंद-दोन सेकंदांत परत वर आणतं. माइकला गिटार सगळ्यात मोठी ऐकू येत असेल, तर प्रत्येक फटक्यासरशी गळाही तिच्याबरोबर दाबला जातो. हात थांबला की पातळी चढते आणि मोटरची घरघर पुढे येते.

म्हणजे माइकला गळा जास्त मोठा ऐकू आला पाहिजे. इथे मिक्सिंग नाही, अंतर हाच तुमचा मिक्सर. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. रेकॉर्डर टेबलावर ठेवू नका, तोंडाच्या उंचीला फळीवर ठेवा. तोंडापासून ३० सेंटिमीटर आणि गिटारच्या भोकापासून ६० ते ७०. गिटार थोडी बाजूला वळवा, भोक थेट माइककडे नको. तोंडही थेट माइकसमोर न धरता जरा तिरकं धरा, नाहीतर प, फ, भ वर धाडधाड फुंकर बसते.

पिक (तारा छेडायची चकती) पातळ, ०.४६ मिलिमीटरचं घ्या. जाड पिकचा ठोका व्यंजनांच्याच पट्ट्यात, २ ते ५ किलोहर्ट्झला, येऊन आदळतो. कोऱ्या करकरीत तारा याच कारणाने नकोत, आठवडाभर वाजलेल्या बऱ्या.

आणखी एक. शांततेत पातळी पूर्ण चढलेली असते, त्यामुळे गाण्याचा पहिलाच फटका फाटतो. आधी एक आवर्तन हलकेच वाजवून मग गाणं धरा, तेवढा तुकडा नंतर कापता येतो.

मंद्रसप्तक
वरच्याशी सहमत. थोडी भर घालतो.

तो अल्बम पॅनासॉनिकच्या आरएक्स-एफटी५०० या बूमबॉक्सवर झालाय. त्यातली घरघर वरून मिसळलेली नाही. माइक आणि फिरत्या चाकांची जागा एकाच डब्यात, म्हणून ती आपसूक येते. ती पुसायच्या फंदात पडू नका. कॉम्प्युटरवर नॉइज रिडक्शन (खरखर पुसणारं फिल्टर) लावलं की गळ्याच्या कडा पाण्याखालून आल्यासारख्या होतात आणि या जातीच्या गाण्याचा जीवच जातो.

भुणभुण मात्र वेगळी. ती ५० आणि १०० हर्ट्झची, भिंतीतल्या विजेची. यंत्र सेलवर चालवा म्हणजे ती जाते. सेल मात्र ताजे हवेत. उतरलेल्या सेलवर मोटर मंदावते आणि तीच फीत नंतर पूर्ण वेगात वाजली की गाणं वरच्या पट्टीत चढतं. गिटारशी नंतर काहीच जुळत नाही.

फीत सी-६० (साठ मिनिटांची) घ्या. सी-९० पातळ असते, सी-१२० तर फारच, ती ताणते आणि गुंडाळते. जुन्या कॅसेटच्या काठावर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे (कोकणात एका पावसाळ्यात धरते). तशी कॅसेट यंत्रात घालूच नका, हेड (फीत वाचणारा भाग) माखतं आणि पुढच्या चांगल्या फितीही बाद होतात.

कॉम्प्युटरवर उतरवताना शक्यतो ज्या यंत्रावर रेकॉर्ड केलं त्याच यंत्रावर वाजवा. दुसऱ्या डेकच्या हेडचा कोन केसभर वेगळा असला तरी वरचे स्वर बोथट होतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आवाजाचं शिखर -६ डेसिबलच्या आत.

ठोकाठोक
तालासाठी 'व्हायोलंट फेम्स' या बँडचा १९८३ चा पहिला अल्बम कान देऊन ऐका. अमेरिकेतल्या मिलवॉकीचे हे तिघे रस्त्यावर वाजवायचे, त्यामुळे वाद्यं हातात मावतील एवढीच. व्हिक्टर डीलोरेन्झो मुख्यतः एक स्नेअर (ड्रमसेटमधला चपटा, खरखरीत आवाजाचा ड्रम) ब्रशने, म्हणजे तारांच्या कुंच्याने, वाजवतो. सोबत फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर) पालथी घातलेली पत्र्याची टोपली, तिला तो ट्रान्साफोन म्हणतो. बास अकूस्टिक. एवढ्यावर अख्खा अल्बम दणाणतो.

तुमच्या यंत्रावर स्नेअर जवळ ठेवलात तर पातळीचं सर्किट त्याच्याच तालावर नाचेल. ब्रशच वापरा, वाजवणारा दीड-दोन मीटर मागे, स्नेअरवर पातळ रुमाल. पत्र्याचा डबा किंवा टोपली घ्यायची तर आत चिंधी कोंबा, नाहीतर मागे उरणारा खणखणाट पुढचे शब्द गिळतो.

रानकुसळ
फळीची युक्ती करून पाहिली, शब्द लगेच वर आले! धन्यवाद. पण जलद गाण्यात अजूनही दोन ओळी कळत नाहीत.

मंद्रसप्तक
मग चूक माइकची नाही, शब्द बसवण्याची असावी. एका मात्रेत दोन फटके असं सलग स्ट्रमिंग असेल तर जोराचा खालचा फटका आणि जोडाक्षर एकाच जागी येऊ देऊ नका. 'अंधाऱ्या', 'कुत्र्याचं' यांतलं जोडाक्षर फटक्याखाली चिरडतं. फटक्यावर दीर्घ स्वर ठेवा, जोडाक्षर दोन फटक्यांच्या मध्ये सरकवा. ओळीत बसतच नसेल तर त्या ओळीपुरता तळहात तारांवर टेकवून वाजवा. गिटार दबते आणि गाणंही एकदम कानाशी येतं, काळ्या मजकुराला ते फार शोभतं.

आणि गाणी तऱ्हेवाईक हवीत म्हणून गळा वेडावाकडा करू नका. 'वेस्ट टेक्सस'च्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की ही चौदा गाणी सात माणसं, दोन घरं, एक मोटरसायकल आणि किशोरवयीन मुलांसाठीच्या एका कुलूपबंद उपचारकेंद्राविषयी आहेत. विचित्रपणा तिथे त्या वस्तूंमधून, त्या गावांच्या नावांमधून येतो. गाणारा सरळ, कळकळीनं गातो.

फीत_आणि_फिरकी
त्या दोन ओळी इथे टंका, कुठला फटका कुठे येतो तेही खुणेनं दाखवा. वाचून सांगता येईल.