अनुभव धागा: भीती वाटली तेव्हा विश्वासानं नेमकं काय केलं?

कृष्णाकाठ, सांगली

सलाम. पाऊस लागला की आमच्याकडे रविवारच्या चर्चमधल्या भक्तीनंतर एकच विषय निघतो, म्हणून हा धागा. भीतीच्या दिवसांत तुमच्या विश्वासाचा काय उपयोग झाला ते लिहा. साक्ष देताना, म्हणजे देवाचा अनुभव चारचौघांत सांगताना, आपण शेवट गोड करून सांगतो. इथं तसं नको. सुरुवात मी करते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. त्या आठवड्यात सांगलीकराला देवाआधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आकडा आठवायचा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. आम्ही गावभागात भाड्यानं राहत होतो. "२००५ ला पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं," म्हणत सासरे जागचे हलेनात. या खेपेला पाणी जिन्याची एकेक पायरी घेत वर आलं. लाइट नाही, फोन बंद, प्यायला एक कळशी. वर आम्ही चौघं: सासरे, मी, माझी आठ वर्षांची मुलगी आणि खालच्या मालकीणबाई. त्या देवघरातला गणपती पदरात घेऊन वर आल्या होत्या.

मुलीनं विचारलं, "मम्मी, वादळात येशू होडीत झोपला होता ना? मग त्याला भीती नव्हती का वाटत?" मला उत्तर सुचेना. बायबलमध्ये मार्कच्या चौथ्या अध्यायात तो उशीवर डोकं टेकून झोपलाय आणि शिष्य जवळजवळ ओरडतायत, आम्ही बुडतोय याची तुला काही काळजी आहे की नाही म्हणून. आजवर मी ती गोष्ट पुढच्या ओळीसाठी ऐकत आले, येशूनं दटावल्यावर वारा पडला त्या ओळीसाठी. त्या रात्री पहिल्यांदा शिष्य आपले वाटले. मीही तसंच ओरडले. त्याला प्रार्थना म्हणायचं तर म्हणा. एका कोपऱ्यात मालकीणबाईंचं अथर्वशीर्ष, दुसऱ्यात सासऱ्यांचं बायबलातलं तेविसावं स्तोत्र. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि मुलगी झोपून गेली.

आम्ही बोटीत बसलो तेव्हा आकडा ५७ च्या घरात होता. ब्रह्मनाळ गावात पुरातल्या लोकांना नेणारी बोट उलटल्याचं तोवर कानावर आलं होतं. पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू. पण मुलीला उचलून बोटीत दिलं तेव्हा हात थरथरले नाहीत.

बागायतदार, तासगाव

ताई, आमची भीती दर साली येती. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, घड फुलोऱ्यात आला आणि आभाळ भरून आलं की पोटात गोळा उठतो. डावणी रोगानं बघता बघता घड गेलेले डोळ्यानं बघितल्यात. बायको म्हणती आधी प्रार्थना करा, मी म्हणतो आधी औषध मारू दे. शेवटी तिनं पाइप धरला आणि गाणी म्हणत माझ्यामागनं सगळी बाग फिरली. प्रार्थना आणि फवारणी एकाच पाइपातनं! त्या साली बाग वाचली. पुढच्या साली नाही वाचली. दोन्ही साली नाताळला चर्चमध्ये पहिल्या बाकावर होतो. जास्त काय लिहू?

सिस्टर, मिरज

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं वैद्यकीय काम सुरू केलं. त्या कामाच्या ओढीनं आमच्या घरात तीन पिढ्या नर्सिंगमध्ये आल्या. मी तिसरी. कोविडमध्ये मरणाची भीती कमी होती, घरी काय घेऊन जाईन याची जास्त. आजीची एक सवय होती: हात धुताना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पूर्ण म्हणायचं. घाईघाईनं म्हटलं तरी वीस सेकंद निघतात, म्हणजे साबणाचंही काम होतं. दिवसातून किती वेळा म्हटलं असेन, मोजलं नाही. 'आमची रोजची भाकर' या ओळीला नेहमी मुलांचे डबे आठवायचे.

नाव नको

सगळ्यांचं वाचलं. माझा भाऊ २०२१ च्या मे महिन्यात गेला. त्याच्यासाठी दोन चर्चच्या मंडळ्या उपासाला बसल्या होत्या. मातीनंतर एक जण मला म्हणाला, तुमचा विश्वास कमी पडला. भाऊ गेल्याचं दुःख आहेच, पण भीती मला आता त्या वाक्याची वाटते. चर्चमध्ये कोणी जवळ येऊन बोलायला लागलं की छातीत धडधडतं.

पाळकीणबाई, वाई

त्या माणसाच्या वतीनं मी तुमची क्षमा मागते. बाई, ८८ वं स्तोत्र काढा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठंतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. अंधारावरच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मोठ्यानं वाचा. येत्या शनिवारी मिरजेला येणार आहे. चालत असेल तर नुसती शेजारी बसेन, बोलणार नाही.

आजोबा, सातारा

मी तेव्हा नऊ वर्षांचा, मुक्काम पाटण. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेच्या भूकंपानं भिंत आत येण्याऐवजी बाहेर पडली, म्हणून हे लिहायला उरलो. पुढं किती तरी दिवस जमीन हलत होती. थंडीत सगळी आळी उघड्यावर, पोत्यांच्या आडोशाला. वडील शाळामास्तर. नाताळ तिथंच केला, टाळ-चिपळ्यांवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणत. टिळकांनी अखेरच्या काळात साताऱ्यात बिऱ्हाड केलं होतं, त्यामुळे वडिलांना ते घरचेच वाटत. भजन चालू असताना धक्का आला की टाळ क्षणभर थांबायचे आणि मग पुढची ओळ. मी अजून दाराजवळच झोपतो. सून हसते. हसू दे.

तरुण संघ, इस्लामपूर

सलाम. भीती गेल्यावर लिहीन असं ठरवलं होतं. पण उद्या सकाळी नऊला आईचं ऑपरेशन आहे आणि भीती काही जात नाही, म्हणून आत्ताच लिहितोय. आई शांत आहे. मलाच झोप येईना.

आजोबा, सातारा

आम्ही दोघं पाचला उठतो. १२१ वं स्तोत्र वाचू, डोंगराकडे डोळे लावणारं. खिडकीत अजिंक्यतारा आहेच. नऊपर्यंत चालू ठेवतो. तू आईजवळ बस, फोनकडे बघत बसू नकोस.